डेनिसच्या निवडी, ऑर्व्हिलला मिळालेला नारळ आणि क्वॉरी स्ट्रीटवरचे घर

मी, मार्गित केरेकेश, कै. लास्लो केरेकेश यांची पत्नी, वय वर्षे त्र्याऐंशी, पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, हल्ली घरीच, राहणार क्वॉरी स्ट्रीट, पोर्ट विल्मर, ओहायो, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात आणि एका कानाने कमी ऐकू येते. बाकी डोके जागेवर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तरीही कोणाला शंका असेल, तर त्याने मला आमच्या गावच्या टगबोट्स या फुटबॉल संघाच्या बचावफळीतली नावे विचारावीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणे कोणाला जमतही नाही.

कलम १. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्या वर्षी माझी दोन्ही मुले एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणून त्यात घराची उभी फाळणी केली होती आणि जिना कोणाचा यावर अर्धे पान खर्ची पडले होते. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम २. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी मी माझी मुलगी रोझमेरी टिडवेल हिची नेमणूक करते. मुलगा डेनिस थोरला असूनही त्याला नेमलेले नाही, कारण घरातली कुठली वस्तू ठेवायची आणि कुठली टाकायची हे ठरवण्याचे काम त्याने जन्मभर माणसांच्या बाबतीत केले आहे. आता त्याला विश्रांती असावी. वकील श्री. ग्रेंजर मला म्हणाले, "मिसेस केरेकेश, कारण लिहायची गरज नसते."

मी म्हटले, "त्याला वाईट वाटेल ना."

"अहो, पण हे वाचलं जाईल तेव्हा तुम्ही नसाल."

"म्हणून तर लिहून ठेवतेय."

कलम ३. घर. हे घर लास्लोच्या धक्क्यावरच्या मजुरीतून घेतलेले आहे. आम्ही दोघे हंगेरीतून एकेक बोचके घेऊन आलो, आणि बारा वर्षांत दुमजली घराचे मालक झालो. वरच्या खोल्या आम्ही टगबोट्सच्या नव्या खेळाडूंना भाड्याने देत असू. ऑर्व्हिल टिडवेल असाच आला, आर्कान्सासहून, पातळ कोट घालून. तो संघाचा किकर, म्हणजे बाकीचे लोक चेंडू पोटाशी धरून एकमेकांना धडका देऊन दमले, की मैदानात येऊन तो चेंडू लाथेने दोन खांबांच्या मधून उडवणारा. पहिल्या दिवशी माझ्या पापरिकाशकडे, म्हणजे कोंबडीच्या लालभडक रश्श्याकडे पाहून त्याने विचारले, "बाई, हे काय आहे?" मी म्हटले, "आधी खा, मग विचार." त्याने पुन्हा कधीच विचारले नाही, तीनदा वाढून मात्र घेतले. रोझमेरी तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती आणि ताट उचलण्याच्या निमित्ताने टेबलाशी जास्तच रेंगाळू लागली होती. त्यांचे लग्न आमच्याच चर्चमध्ये झाले.

डेनिस त्या काळात संघासाठी गावोगावच्या कॉलेजांत फिरून पोरे हेरत असे. पुढे मालकांनी त्याला जनरल मॅनेजर केले. कोणाला घ्यायचे, कोणाला ठेवायचे, कोणाला नारळ द्यायचा, सगळे त्याच्या हाती आले. फादरनी ही बातमी वेदीवरून सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वसंत ऋतूपर्यंत टिकल्या.

वसंतात सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू उचलतात. मागच्या हंगामात जो तळाला, त्याची पाळी पहिली. आम्ही तळाला होतो. गावाला हवा होता एक देखणा क्वार्टरबॅक, लांब चेंडू फेकणारा. डेनिसने घेतला थेरॉन मॅडॉक्स नावाचा एक धिप्पाड पोरगा, ज्याचे काम म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारखे उभे राहणे. खाटकाच्या दुकानात माझे मांस तोलता तोलता खाटीक म्हणाला, "मार्गित, पोराला लहानपणी डोक्यावर पाडलं होतंस का गं?" आणि शेजारच्या एमेरी टॉथने गवताचा डेनिस करून ओसरीला टांगला.

रविवारी मी टेबलावर विचारले, "का रे, असं का केलंस?"

"आई, फेकणाऱ्याला फेकायला सवड तर मिळायला हवी."

"मी तो देखणा घेतला असता."

"मला माहितेय. तू बाबांनाही तसंच निवडलंस."

मॅडॉक्स नऊ वर्षे भिंतीसारखा उभा राहिला, हे नमूद करते. तो देखणा क्वार्टरबॅक दुसऱ्या संघातून आम्हाला दोन वर्षे धूळ चारून मग खांद्याने अधू झाला, हेही नमूद करते. डेनिसच्या सगळ्याच निवडी अशा सुफळ झाल्या नाहीत. फ्लोरिडाहून आणलेला, चेंडू घेऊन पळणारा एक गडी आमच्या सरोवरावरचे वारे अंगावर आले की बाहेर यायलाच तयार नसे, आणि त्याच्यासाठी डेनिसने पुढच्या वर्षीच्या दोन पाळ्या मोजल्या होत्या. त्याबद्दल मी रेडिओवरच्या सकाळच्या कार्यक्रमात नाव बदलून फोनही केला होता. तो निवेदक म्हणाला, "बाई, या जनरल मॅनेजरला समजवायला घरात आई नाही का?" मी म्हटले, "आहे. ऐकत नाही."

आता ऑर्व्हिलबद्दल. किकरचा पाय म्हातारा होतो तो एका दिवसात होत नाही, पण लोकांना तो एका दिवसात दिसतो. डिसेंबरातल्या एका सामन्यात ऑर्व्हिलच्या दोन किका खांबांच्या बाहेरून गेल्या आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवसापासून गावभर एकच: मेहुण्याला पोसतोय. रोझमेरी डेनिसला माझ्यासमोर म्हणाली, "तू त्याला काढणार नाहीस ना?" डेनिस ताटातली नोकेदली, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, चिवडत राहिला.

मंगळवारी कचेरीतला एक माणूस ऑर्व्हिलच्या कपाटापाशी आला, त्याच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी दिली आणि म्हणाला, "सामान यात भरा." डेनिस त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होता. ऑर्व्हिल स्वतःच्या घरी गेला नाही. तो इथे आला आणि पायरीवर बसून राहिला. मी त्याच्या खांद्यावर लास्लोचा कोट टाकला. रोझमेरी आली, तिने सगळे ऐकून घेतले आणि माझ्या स्वयंपाकघरातून भावाला फोन लावला.

"तू वर बसून होतास?"

पलीकडचे मला ऐकू आले नाही, पण तिने ते मोठ्याने परत म्हटले. "'खाली आलो असतो तर बोलता आलं नसतं.' असं का? मग त्याला कुठे बोलता येत होतं रे?" आणि फोन आपटला.

माझे मत विचारले गेले नव्हते, तरी मी दिले. रोझमेरीला सांगितले की निर्णय बरोबर होता. पाय संपला होता, आणि नवा पोरगा सरळ मारत होता. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. डेनिसला सांगितले की निर्णय बरोबर असला तरी घरच्या माणसाला परक्या हाताने पिशवी पाठवायची नसते. तो टोपी घालून, गोड न खाताच निघून गेला. त्यानंतर दोन वर्षे मी रविवारी दोनदा रांधत असे, दुपारी मुलीसाठी आणि संध्याकाळी मुलासाठी. पापरिकाश शिळी चांगली लागते असे लोक म्हणतात. मला आता तसे वाटत नाही.

मग डेनिसची पाळी आली. हंगाम वाईट गेला होता. तो गाडी धुवायला घेऊन गेला असताना मालकांच्या वकिलाचा फोन आला, आणि गाडीवरचा फेस निघायच्या आत बातमी रेडिओवर होती. गल्लीत लोकांनी भोंगे वाजवले. ऑर्व्हिल तेव्हा घरांना पन्हळी बसवण्याचा धंदा करू लागला होता. त्याने ती बातमी ट्रकमध्ये ऐकली आणि अर्धी बसवलेली पन्हळ तशीच लोंबकळत सोडून स्टेडियमकडे ट्रक वळवला. डेनिस वाहनतळावर आपल्या कचेरीतल्या सामानाच्या खोक्यांच्या मध्ये उभा होता. गाडी अजून धुणाऱ्यांकडेच होती.

"काय बोललास त्याला?" मी नंतर ऑर्व्हिलला विचारले.

"काही नाही. 'खुर्चीपण घ्यायचीय का?' एवढंच विचारलं."

त्याने त्याला इथे आणले. रोझमेरीला बोलावून घेतले. चौघे टेबलाला बसलो, आणि मी सगळ्यांना वाढले. मग डेनिस म्हणाला, "ऑर्व्हिल, त्या दिवशी मी खिडकीतून बघत होतो. तुझी पिशवी फाटली होती."

"हो. बुटांच्या खिळ्यांनी."

रोझमेरी म्हणाली, "पिशवी फाटली, आणि तू बघत बसलास?"

"हो."

ऑर्व्हिलने पाव मोडला. "मी तुझ्या जागी असतो तर मलाच काढलं असतं, डेनिस. पण मला येऊन सांगितलं असतं."

"खरंय," डेनिस म्हणाला, आणि त्याचा चेहरा मला पुन्हा तो सात वर्षांचा असतानाचा दिसला. रोझमेरी डोळे पुसत उठली, तिने पातेल्यातली तंगडी काढून भावाच्या ताटात टाकली आणि म्हणाली, "गीळ." आमच्या घरात समेट याहून मोठ्या शब्दांत होत नाही.

म्हणून हे घर, आवार आणि परसातील अक्रोडाच्या झाडासह, मी डेनिस व रोझमेरी यांना समान हक्काने, अविभक्त, देते. जिना दोघांचा.

कलम ४. लास्लोचे पाने, करवती आणि ऐरण जावई ऑर्व्हिल यास. तांब्याचे मोठे पातेले रोझमेरीला. माझ्या नावावरच्या स्टेडियममधल्या दोन जागा डेनिस आणि ऑर्व्हिल यांना एकेक. त्यांनी शेजारी शेजारी बसावे, मध्ये कोट ठेवू नये, आणि नव्या जनरल मॅनेजरला शिव्या देताना आवाज जरा खाली ठेवावा. त्याचीही आई कुठेतरी बसलेली असेल.

कलम ५. एमेरी टॉथ यास आमची अॅल्युमिनियमची शिडी. गवताचा डेनिस टांगण्यासाठी त्याने हीच शिडी "पन्हळ साफ करायचीय" असे सांगून नेली होती, आणि ती अजून त्याच्याकडेच आहे. तेव्हा ताबा देण्याची तसदी कोणी घेऊ नये. पुतळ्याच्या डोक्यावरची टोपी मात्र आमच्या दोरीवरची होती. ती परत हवी.

कलम ६. बँकेतील ठेव, माझे क्रियाकर्म आटोपून जे उरेल ते, दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. यावर तंटा करणाऱ्याने आधी दुसऱ्याला जेवायला बोलवावे.

कलम ७. मला लास्लोच्या उजव्या बाजूला पुरावे. नंतर लोकांना कॉफी आणि अक्रोडाचे सारण भरून भाजलेले किफ्ली द्यावेत, दुकानातले नव्हे.

कलम ८. हे कलम मिळकतीचे नाही. श्री. ग्रेंजर यांनी ते गाळावे असे सुचवले होते. डेनिस मला अधूनमधून विचारतो, "आई, गावाचं सोड, रेडिओचं सोड. तू सांग, मी कसा होतो?" मी दर वेळी भांडी घासायला उठते. उत्तर इथे देते.

धक्क्यावरच्या आणि गावातल्या इतर कामगारांचा एक संघ आहे. शनिवारी खेळतात, पगार कोणाला नाही. डेनिस हल्ली तोच संघ चालवतो. मागच्या शरदात त्याला वॉल्टर प्रूट याला काढावे लागले. वॉल्टर अग्निशमन दलात आहे, चाळिशी उलटलेला, पहिल्या दिवसापासून संघात. डेनिस मला दवाखान्यातून घरी आणत होता. वाटेत म्हणाला, "आई, दहा मिनिटं थांबशील?" आणि वॉल्टरच्या घरासमोर गाडी लावली.

मी काच खाली करून बसले. तो ओसरीवर गेला, टोपी काढली आणि दार वाजवले. वॉल्टर बाहेर आला. डेनिसने काय सांगितले ते ऐकू आले नाही, पण वॉल्टरचे हात हवेत गेलेले दिसले. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकू लागला. डेनिस मागे सरला नाही, घड्याळाकडे पाहिले नाही, गाडीकडेही पाहिले नाही. बऱ्याच वेळाने दोघे पायरीवर बसले. वॉल्टरची बायको दोन कप घेऊन आली, आणि तिने तिसरा गाडीपर्यंत आणून मला दिला.

दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. डेनिस येऊन बसला तेव्हा त्याची कानशिले लाल होती.

"काय म्हणाला?" मी विचारले.

"शिव्या घातल्या. मग कॉफी दिली."

"आणि तू?"

"मी दोन्ही घेतलं."

बाळा, हे माझे उत्तर आहे. निवडींच्या बाबतीत तू मध्यम होतास. पण त्या दिवशी गाडीत बसून मी तुला पाहिले, आणि मला तू आवडलास. तेव्हा मी कप परत द्यायच्या निमित्ताने उतरले, कारण तुझ्यासमोर रडायचे नव्हते.

वरील मजकूर मी स्वतः सांगून लिहून घेतला, वाचून पाहिला, दोन ठिकाणी श्री. ग्रेंजर यांचे शुद्धलेखन सुधारले आणि खाली सही केली.

(सही) मार्गित केरेकेश
स्थळ: पोर्ट विल्मर, ओहायो
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९

आम्ही दोघांनी बाईंना शुद्धीत, खुशीत आणि किफ्ली खाताना पाहिले. त्यांनी आमच्यासमोर व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. या मिळकतीत आमचा काही वाटा नाही.

साक्षीदार:
(सही) हॉलिस ग्रेंजर, वकील
(सही) वॉल्टर प्रूट, अग्निशमन दल, पोर्ट विल्मर