दोन्ही गालांवर फेस असताना

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा उभ्या उभ्याच नमस्कार (हातात वस्तरा असला की वाकता येत नाही). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? इकडे सगळे मजेत आहेत. मीही मजेत आहे, हे मुद्दाम वेगळं लिहितोय.

गिऱ्हाइकांच्या बडबडीने डोकं उठतं म्हणून मी रडगाणं गायलो, तेव्हा तू सांगितलंस की रोज थोडा वेळ डोळे मिटून श्वासाकडे बघ. घरी बसलो, तर सासूबाईंना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. म्हटलं, दुकानात करू. आता तुझ्या शिकवणीत एक गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे वस्तरा धरणाऱ्याने डोळे नेमके कधी मिटायचे. मी मिटले ते मास्तरांची दाढी अर्धी झालेली असताना. मास्तर म्हणजे दुकान उघडलं त्या दिवसापासूनचं माझं गिऱ्हाईक. त्यांनी आरशात पाहिलं तर मागे मी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर मंद हसू आणि हातात वस्तरा. पुढचं पाहायला ते थांबले नाहीत. एका गालावर फेस, गळ्यात माझा टॉवेल, अशा थाटात रस्ता ओलांडून थेट समोरच्या सलूनमध्ये गेले.

फार लागलं गं मनाला. समोरची खुर्ची माझ्या आरशात दिसते. रोज मास्तर तिथे बसलेले दिसायचे आणि माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. शांती राहिली बाजूला, हातचं माणूस गेलं.

मग एके सकाळी विमा एजंट आला (हा मुडद्यालाही पॉलिसी विकेल). तो “तुमच्या पश्चात” म्हणतोय तोच मी ब्रश त्याच्या ओठांवरून फिरवला. गडी गप्प. तोंडात साबण जाईल या भीतीने माणूस बोलतच नाही. ब्रश गोल फिरतोय, फेस फुलतोय, पंखा कुरकुरतोय, बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावतंय. ताई, मला एकदम फार बरं वाटलं. डोळे टक्क उघडे, श्वासाची आठवणही नाही, तरी छातीतली धावपळ थांबली. मग काय, एका दाढीला तीन दाढ्यांचा फेस सुरू केला. एक ठेकेदार तर घोरायला लागला. उठल्यावर म्हणाला, उद्या दाढी नको, नुसता फेस लाव.

काल मास्तर आले. टॉवेल धुऊन, इस्त्री करून आणला होता. मी चकार शब्द न काढता फेस लावला, कारण बोललो असतो तर रडलो असतो. दाढी झाल्यावर गाल चाचपत ते म्हणाले, “वस्तऱ्याला मी भ्यालो नव्हतो रे. समोरचा गप्प असतो, म्हणून तिथे रमलो. इतकी वर्षं तुझ्या दुकानात बोलत होतं कोण? तूच. आता फेस लावताना बोलत नाहीस असं ऐकलं, म्हणून आलो.”

मी खूप आठवून पाहिलं. विमा एजंट सोडला, तर मास्तरांचं खरं असावं.

तुझा
(सध्या) गप्प भाऊ

ता. क. फेस लावताना बाबा कधीच बोलत नसत. मला वाटायचं, माझ्यावर रागावलेत. आता कळलं, ते सुखात असायचे. त्यांचा ब्रश तुझ्या काचेच्या कपाटात आहे, तो पाठवशील? पत्र खरं तर त्यासाठीच.

ता. ता. क. वन्सं, मी लिहितेय. बाबांचे ब्रश दोन असतील तर दोन्ही पाठवा. एक घरी लागेल.