'सोबत' संस्थेची पहिली फेरी

६ ऑगस्ट २०१७, रविवार. लोअर हट, न्यूझीलंड

अप्पा काल पोचले. आई गेल्यापासून पुण्यात एकटेच होते. किती मागे लागलो तेव्हा कुठे आले. व्हिसा तीन वर्षांचा, एका वेळी सहा महिने राहता येतं. माझं म्हणणं, दर वर्षी यायचं. त्यांचं म्हणणं, करमलं तर.

आज जेवताना म्हणाले, तुम्ही दोघं ऑफिसात, इरा शाळेत, मग दिवसभर मी करायचं काय?

प्रश्न साधा नाही. या हट व्हॅलीत असे किती अप्पा असतील! किती आया! गाडी चालवता येत नाही, बस कळत नाही, शेजाऱ्याचं इंग्लिश कळत नाही. एका अप्पांना फिरवून आणणं ही झाली मलमपट्टी. मी सिस्टिम्स ॲनालिस्ट आहे. मी मुळात हात घालणार.

उद्यापासून सकाळी सहाला उठणे.

८ ऑगस्ट, मंगळवार

चुलतभाऊ रमण इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याच्याशी बोललो. तिकडे 'कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी' म्हणून प्रकार आहे. कंपनीच, पण नफा समाजाचा. ऐकून अंगावर काटा आला. लगेच नाव सुचलं: सोबत. एक व्हॅन, सगळे आजी-आजोबा, रोज एक फेरी. लायब्ररी, बाग, पेटोनीचा समुद्र.

अप्पांना सांगितलं. छान म्हणाले. मग म्हणाले, आज जाऊ या का समुद्रावर? म्हटलं अप्पा, घाई कशाला, आता व्हॅनच येणार आहे.

अनुराधा म्हणाली, गाडी दारात उभी आहे आणि पेटोनी दहा मिनिटांवर आहे. अनुराधा लॅबमध्ये काम करते. तिला स्केल कळत नाही.

(उठलो पावणेआठला. थंडी.)

१२ ऑगस्ट, शनिवार

देवव्रत टॅक्सवाला, माझा मित्र, आला होता. त्याच्या मते न्यूझीलंडच्या कायद्यात असली कंपनीच नाही. कमाल आहे! एवढा प्रगत देश. साधी कंपनी काढ, नाहीतर ट्रस्ट, नाहीतर सोसायटी, म्हणाला. सोसायटीला पंधरा सभासद लागतात. वर सल्ला असा, की पंधरा माणसं गोळा करण्यापेक्षा तू आणि मी आपापल्या गाड्या काढू आणि शनिवारपासून सुरू करू.

हिशेब करणाऱ्या माणसाची धाव कुंपणापर्यंत. सोसायटीच काढायची. घटना लिहायला घेतली. 'आम्ही, हट व्हॅलीचे मराठी लोक' अशी सुरुवात. स्वतःलाच दोनदा वाचून दाखवली.

अप्पा शेजारी बसून होते. प्रिंटरला कागद घातले त्यांनी.

२७ ऑगस्ट, रविवार

पहिली बैठक आमच्याकडे. ऐतिहासिक! अनुराधाची ड्यूटी होती म्हणून पोहे अप्पांनी केले. सगळ्यांनी नावाजले.

अध्यक्षपदी मृणालिनीताई. वीस वर्षं इथे आहेत, सगळीकडे ओळखी, आणि त्यांना केलं नसतं तर आल्या नसत्या. कार्याध्यक्ष बाळासाहेब. कधी कशाला नाही म्हणत नाहीत, कधी काही करतही नाहीत. सरचिटणीस मी. उपाध्यक्ष दोन, कारण अप्पर हटवाल्यांना वाईट वाटायला नको. मग सहचिटणीस, खजिनदार देवव्रत, प्रसिद्धीप्रमुख, सल्लागार. चौदा माणसं, चौदा पदं, कुणी नाराज नाही. याला म्हणतात लीडरशिप.

पंधरावा सभासद कमी पडत होता. अप्पांना ओट्यापाशी जाऊन सांगितलं, जरा सही करा. हातातला कालथा ठेवून आले. मला काय करावं लागेल, असं विचारलं. सगळे एकदम म्हणाले, काही नाही, काही नाही.

निघताना देवव्रतने विचारलं, व्हॅन चालवणार कोण? सगळे बुटांच्या लेस बांधत होते. विषय पुढच्या बैठकीत घेणे.

३१ ऑगस्ट, गुरुवार

आज घरून काम. सकाळी बघतो तर अप्पा स्वेटर, मफलर घालून फाटकाशी उभे. म्हटलं काय झालं? म्हणाले, आज कचऱ्याचा ट्रक येतो. बिन काल रात्रीच बाहेर ठेवलंय. तो ड्रायव्हर हात करतो.

खरंच आला. खरंच हात केला. अप्पांनीही केला, आणि मग बराच वेळ ट्रक गेला त्या बाजूला बघत राहिले.

ज्येष्ठांच्या एकाकीपणाचं इतकं बोलकं उदाहरण शोधून सापडणार नाही. प्रेझेंटेशनमध्ये घालतो. फोटो काढला, पण अप्पा फोटोसाठी हसले, म्हणून परत काढला.

४ सप्टेंबर, सोमवार

व्हॅन मिळाली!!! मृणालिनीताईंच्या ओळखीच्या एका चर्चची. बारा सीटची, आठवडाभर उभीच असते. तिथला ग्रॅहम म्हणून माणूस आहे, त्याला फोन केला. मी तासाभराची तयारी करून बसलो होतो, मिशन, व्हिजन, सगळं. तो म्हणाला, उद्या येऊन किल्ली घेऊन जा, स्वीट ॲज. (म्हणजे इथल्या भाषेत 'चालतंय की'.) घटनेबद्दल एक प्रश्न विचारला नाही. थोडं वाईट वाटलं.

अप्पांना सांगितलं. त्यांनी बूट पुसून ठेवले.

५ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी मृणालिनीताईंचा फोन. उद्यापासून पितृपक्ष. नवीन काम सुरू करायचं नाही, त्यांच्या आईला पुण्यात कळलं तर ती अन्न सोडेल. मी स्वतः असलं काही मानत नाही. पण संस्था म्हटली की सगळ्यांना घेऊन चालावं लागतं. कार्यकारिणीला व्हॉट्सॲपवर विचारलं. अकरा अंगठे आले. ठरलं, एकदम दसऱ्याला.

ग्रॅहमला कळवलं. का म्हणाला. सांगितलं, हा पंधरवडा आमच्याकडे गेलेल्या वडिलांसाठी असतो. तो एकदम गंभीर झाला, सॉरी फॉर युअर लॉस म्हणाला, सावकाश ये म्हणाला. आता त्याला काय समजावणार. थँक यू म्हटलं.

अनुराधा म्हणाली, गेलेल्या पितरांचा मान ठेवलात, चांगलं केलंत, आता घरात जो हयात आहे त्याला तरी कुणी बाहेर काढा. बोलणं लागलं. पण घरातल्या माणसांना आपली किंमत नसते, हे प्रत्येक संस्थापकाचं दुखणं आहे.

या शनिवारी अप्पांना नक्की समुद्रावर नेणे.

९ सप्टेंबर, शनिवार

पाऊस आणि वारा. शिवाय घटनेचं कलम सात (उपाध्यक्षांचे अधिकार). पुढच्या शनिवारी नक्की.

२४ सप्टेंबर, रविवार

आजपासून घड्याळं एक तास पुढे. निम्मे लोक बैठकीला तासभर उशिरा आले, उरलेले नेहमीसारखे उशिरा आले.

एकच विषय: दसऱ्याला नारळ फोडायचा तो पुण्याच्या मुहूर्ताने की इथल्या? बाळासाहेब म्हणाले सूर्य इथला धरायचा. मृणालिनीताई म्हणाल्या पंचांग तिथलं आहे. दोन्ही बाजूंना उपाध्यक्ष असल्याने चर्चा समतोल झाली. शेवटी दोन नारळ ठरले.

अप्पांनी पोह्यांऐवजी उपमा केला होता. मधेच आत येऊन त्यांनी विचारलं, व्हॅन धुवायची असेल तर मी धुतो. मृणालिनीताई म्हणाल्या, अहो काका, तुम्ही नुसते बसा.

३० सप्टेंबर, शनिवार. दसरा

सकाळी ग्रॅहमचा फोन. कुणीच किल्ली न्यायला आलं नाही, त्याला वाटलं आमचं दुःख मोठं आहे, म्हणून व्हॅन त्याने बोल्स क्लबच्या (हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा इथला खेळ) म्हाताऱ्यांना दिली. नोव्हेंबर संपताना परत येईल.

काय करणार? माणसं बोलावलेली. श्रीखंड आणलेलं. मृणालिनीताईंनी पैठणी नेसलेली. समयसूचकता दाखवली. आमचीच गाडी ड्राइव्हवेत आणून उभी केली, 'सोबत'चा बॅनर बॉनेटवर लावला, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ पायरीवर फोडला. टाळ्या! फोटो फार सुंदर आले.

अप्पा कोट आणि काळी टोपी घालून आले होते. पुढच्या सीटवर बसून त्यांनी बेल्टही लावला. फोटोपुरतं बसायचं आहे हे मला वाटतं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मागे चार गाड्या लागलेल्या, त्यामुळे काढायची म्हटली तरी गाडी निघाली नसती. सगळे आत जेवायला गेले. शेवटी इरा जाऊन त्यांना सांगून आली, इंग्लिशमध्ये, की आजोबा, ही गाडी कुठेच जाणार नाहीये.

दुसरा नारळ रात्री फोडायचा राहून गेला. त्याची अप्पांनी चटणी केली.

१९ ऑक्टोबर, गुरुवार. लक्ष्मीपूजन

संस्थेत मतभेद. लोगोत व्हॅन असावी की हातात हात? अप्पर हटचे उपाध्यक्ष ग्रुप सोडून गेले. दिवाळीच्या दिवशी! त्यांना फोन करून समजूत काढण्यात संध्याकाळ गेली. पूजेला आत आलो तेव्हा आरती झाली होती.

अप्पांनी विचारलं, तिकीट बदलता येतं का रे? म्हटलं, अहो व्हॅन येतेच आहे महिन्याभरात! बरं म्हणाले.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस लिहावासा वाटत नाही.

संध्याकाळी ऑफिसातूनच मार्ग-उपसमितीचा स्काइप कॉल होता. (विषय: पेटोनीला कुठल्या रस्त्याने जावं.) मध्येच अनोळखी नंबर. पेटोनीहून एक डेअरीवाला (कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात), भरुचचा. म्हणाला, तुमचे बापूजी माझ्या दुकानात आहेत. अप्पा एकटे बसने समुद्रावर निघाले होते. चुकीच्या स्टॉपला उतरले, तासभर चालले, मग पाऊस आला. इराने त्यांच्या खिशात माझ्या नंबरची चिठ्ठी घालून ठेवली होती, ती त्यांनी दाखवली.

निघतो म्हटलं. मतदान चालू होतं. एवढं झालं की निघू म्हणून थांबलो, आणि बाळासाहेबांना एक मुद्दा मांडायचा होता. पोचलो तेव्हा दुकान बंद व्हायला आलं होतं. अप्पा दुधाच्या क्रेटवर बसलेले, डेअरीवाल्याचं जॅकेट अंगावर. मला बघून उठले आणि म्हणाले, तुझी मीटिंग बुडाली का रे?

रागावले असते तर बरं झालं असतं.

अंधार पडला होता. समुद्र राहिलाच.

१५ नोव्हेंबर, बुधवार

अप्पांनी अनुराधाकडून तिकीट बदलून घेतलं. ३० तारीख. मला आज सांगितलं. म्हणाले, तुमच्यावर राग नाही, तुम्ही किती करता. पण तिथे निदान जिन्यात कुणीतरी भेटतं. पुढच्या वर्षीचं विचारलं. बघू म्हणाले. त्यांचं 'बघू' मी लहानपणापासून ओळखतो. सायकल मागितली तेव्हाही बघूच म्हणाले होते.

फार वाईट वाटतंय. काय करावं सुचत नाही. कार्यकारिणीची तातडीची बैठक लावू का?

नको.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

बोल्स क्लबने व्हॅन परत केली. ग्रॅहमकडून किल्ली आणली. तो म्हणाला, तुझे डॅड गेल्यानंतर आता कसा आहेस? म्हटलं, परवा जातायत.

३० नोव्हेंबर, गुरुवार

'सोबत'ची पहिली फेरी आज झाली. लोअर हट ते वेलिंग्टन विमानतळ. आसनक्षमता बारा. प्रवासी एक. चालक: सरचिटणीस.

निघताना अप्पा दोन मिनिटं फाटकाशी थांबले, पण ट्रक अजून आला नव्हता. मग पुढे बसले, बेल्ट लावला. अनुराधा आणि इरा सकाळीच पाया पडून गेल्या होत्या. दोघंच होतो आम्ही.

हायवे सबंध समुद्राच्या कडेने जातो. ऊन पडलं होतं. अप्पा खिडकीला नाक लावून बघत होते. आईला आवडलं असतं म्हणाले. आई आणि ते लग्नानंतर अलिबागला गेले होते, तिथे आईची चप्पल वाहून गेली, ही गोष्ट सांगितली. मला माहीतच नव्हती. मग मी विचारत गेलो, ते सांगत गेले, आणि विमानतळाची पाटी आली.

उतरताना व्हॅनवर हात फिरवून म्हणाले, चांगली आहे रे गाडी. मग म्हणाले, पण एवढं आपल्या गाडीतूनही झालं असतं.

टोचून बोलले नाहीत. ते तसं बोलतच नाहीत. मी बॅगा उतरवल्या.

परत येताना दहा सीट आधीपासूनच रिकाम्या होत्या, तरी मला शेजारची एकच दिसत होती.

७ डिसेंबर, गुरुवार

सकाळी ई-मेल आली. 'सोबत' अधिकृत संस्था म्हणून नोंदली गेली. उद्दिष्ट, कलम दोन: हट व्हॅलीत कुणीही ज्येष्ठ दिवसभर घरी एकटा बसणार नाही. ग्रुपवर टाकलं. फुलं, फटाके, अंगठे. मृणालिनीताई सत्कार ठेवू म्हणतायत, संक्रांतीच्या आत नको.

बिन बाहेर ठेवायचं विसरलो होतो. ट्रकचा आवाज आला तसा पायजम्यावर, जँडल्स (इथल्या रबरी सपाता) अडकवून पळत ढकलत नेलं. ड्रायव्हर थांबला. काच खाली करून, किया ओरा, असा माओरी नमस्कार केला आणि म्हणाला, म्हातारबुवा कुठे आहेत? मी मुलगा, असं सांगितलं. गेले परत, म्हटलं.

तो म्हणाला, अच्छा, तू तो मुलगा! त्याला म्हणे अप्पांचं बोलणं फारसं कळायचं नाही. पण दर गुरुवारी ते तीनच शब्द सांगायचे, माय सन, व्हॅन, आणि छातीवर हात ठेवायचे.

मग त्याने विचारलं, आली का मग व्हॅन?

हो म्हटलं, आली.

गुड ऑन यू, म्हणाला, आणि हात करून गेला. मी पण केला.