३८१९२३ चा शेवटचा भागाकार

प्रिय खारूताई,

बाबांनी पत्र कसं काय लिहिलं, असं तुला वाटेल. मलाही अवघडल्यासारखं होतंय. गेल्या आठवड्यात दुकान बंद केलं. आता सगळ्यांकडे आकडे चमकणारे वजनकाटे आलेत. बिघडले की फेकून देतात, दुरुस्त कोण करतंय? पितळी वजनं घरी आणलीत. संध्याकाळी ती पुसत बसतो. पुसायची गरज नसते.

फोन अजून त्याच स्टुलावर आहे. तू हॉस्टेलला गेलीस तेव्हा आपल्या या नंबरला, ३८१९२३ ला, कोणी भागतं का ते शोधायचं ठरलं होतं, आठवतं? दर रविवारी एक मूळ संख्या. एकदा तुझी पाळी, एकदा माझी. ज्याची पाळी त्यानेच भागायचं, तेही कागदावर. दोन, तीन, पाच झटक्यात उडाले. शंभरीच्या पुढे तू जांभया द्यायला लागलीस, पण सोडलं नाहीस. हॉस्टेलचा नंबर आईच फिरवायची. तुझा खोकला, तुझे कपडे, मैत्रिणीचं भांडण, सगळं तिचं बोलून झालं की रिसीव्हर माझ्या हातात. वर म्हणायची, लोक लेकीला जेवलीस का विचारतात, हा माणूस बाकी किती उरली विचारतो.

६१३ माझा होता. बाकी चोवीस. त्या रविवारी आई आतल्या खोलीत झोपून होती आणि नंबर पहिल्यांदाच मी फिरवला. तिच्याबद्दल दोघांनाही बोलता येईना, म्हणून तो भागाकार आपण दोनदा तपासला. मग तू आलीस, आईचं दिवसकार्य सगळं आवरून परत गेलीस. त्यानंतर रविवारी आपला फोन झाला नाही. तुझ्यावर राग नाही गं. मीही कितीदा रिसीव्हर उचलून ठेवलाय. बोलायला सुरुवात कशी करायची, ते खातं तुझ्या आईकडे होतं.

आता खरं कारण लिहितो. महिनाअखेर या जुन्या लाइनी काढून टाकणार आहेत. परवा माणूस येऊन सांगून गेला. नंबर पुढे कोणाचाच नसेल. आणि आपलं फक्त ६१७ राहिलंय. पुढच्या ६१९ चा वर्ग आपल्या नंबरच्या पलीकडे जातो, म्हणजे तिथे खेळ संपला. ६१७ ने भाग गेला नाही, तर हा नंबर कोणालाच फुटत नाही असं म्हणायचं. मला दोन मिनिटं लागली असती. कागदही घेतला होता, पण पाळी तुझी आहे. या रविवारी फोन कर. भाग जाऊ दे नाहीतर न जाऊ दे, उत्तर लगेच सांगू नकोस. मी आधी विचारणार आहे, जेवलीस का.

वाट बघणारा तुझाच,
बाबा