आईच्या मोसंबीचा ताण

३ डिसेंबर
दादानं बागेचं पाणी तोडलं. मोसंबीचं दरवर्षीचंच. झाडाला तहानेचा ताण द्यायचा, पानं गळायला लागली की पाणी सोडायचं, मग बहर. पण आज फोनवर म्हणाला, "औंदा फूल नाय धरलं तर बाग काढतो, मका टाकतो." दोन वर्षं बहर फसलाय. वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट करून वैजापूरकडची बाग बघतो, थकलाय बिचारा. पण ती झाडं आईनं लावलेली. आईचं म्हणावं असं आता तेवढंच उरलंय.

९ डिसेंबर
ऑफिसात दिवसभर ड्रोनच्या नव्या सेन्सरची चित्रं. पान ऊन खातं, सगळं पचत नाही, थोडं तांबूस उजेड होऊन परत देतं. डोळ्यांना दिसणार नाही इतका मंद. झाड तहानलं की तो उजेड उतरतो, पान पिवळं पडायच्या कितीतरी आधी. इतकी वर्षं हेच करतेय, तरी अजून काटा येतो अंगावर.
हर्सूल तलावाकडून घरी येताना प्रत्येक झाडाकडे बघत होते. भर उन्हात सगळी दिवे लावून उभी, आणि कुणाला पत्ता नाही. भाजी आणायची राहिली.

१४ डिसें., रविवार
दुपारी डोळा लागला. बाग आतून तांबूस उजळलेली. आई खोडाला आळं करत होती, मान वर न करता काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही. जाग आली तरी खोलीत फुलांचा वास. म्हणजे, वाटला.

२२ डिसेंबर
घात झाला.
वहिनीचा फोन. "ताई, तुमच्या हापिसचा मेसेज आला, म्हून लगेच मोटर चालू केली. बराबर केलं ना?"
उपग्रहाच्या चित्रात शेत तहानलेलं दिसलं की 'त्वरित पाणी द्या' असा मेसेज आपोआप जातो. बागेची नोंद मीच केलेली, वहिनीच्या नंबरवर, मोठ्या कौतुकानं. मुद्दाम दिलेला ताण आमच्या प्रणालीला ठाऊकच नाही. प्रणाली माझीच. मोसंबीच्या सावलीत वाढले आणि एवढं सुचलं नाही.
वहिनीला म्हणाले, बरोबर केलंत.

२३ डिसेंबर
दादा ओरडला असता तर बरं वाटलं असतं. ताण अर्धवट तुटला की झाड फसतं, फुलाऐवजी पालवी काढतं, फोनवर एवढंच म्हणाला. मग त्याची शिफ्टची बस आली.
मोसंबीचे मेसेज बंद केले. फार लाज वाटतेय.

४ जानेवारी
बागेत गेले, ड्रोन घेऊन. वहिनी नजर चुकवत होती. तिला खरं सांगितलं, चूक माझी. तिनं चहा टाकला, साखर जास्तच.
दादानं पाणी पुन्हा तोडलंय. ऊन तापायच्या आत ताण बसायला हवा, पण फार ताणलं तर जुनी झाडं वाळतील. ड्रोन उडवून त्याला चित्र दाखवलं. विहिरीजवळची ओळ उजळ, बांधाकडची मंद. बराच वेळ बघत राहिला. "आईनं हे पाह्यलं असतं तर..." म्हणत स्क्रीनवरची धूळ बाहीनं पुसली. 
मी निघताना म्हणाला, "एकदा फसलेल्या झाडाचं पान बघून मला काय उमजंना. पाणी कधी सोडायचं, तूच सांग."

१८ जाने.
दर रविवारी तेच. ड्रोन, चित्र, दादाचा चेहरा. उजेड उतरतोय. अजून थांब म्हणाले. परतीच्या बसमध्ये खिडकीतून कापूस बघितला, ज्वारी बघितली, काहीच बघितलं नाही.

२९ जानेवारी
रजा टाकून गेले. बांधाकडची ओळ विझत आलीय. आणखी थांबलं तर झाडं जातील. आता सोडलं तर कदाचित नुसती पालवी. यंत्राला तहान कळते, फूल कळत नाही. दादाला दोन्ही सांगितलं.
"मग?"
"सोड."
तो विहिरीकडे गेला. मोटर घरघरली, पाटात पाणी आलं. वहिनी आणि मी पहिल्या आळ्यापाशी उभ्या होतो, चपला भिजेपर्यंत.

९ फेब्रुवारी
आजच्या चित्रात सगळ्या ओळी उजळ. झाडं जगली. स्क्रीनसमोर रडले थोडी.
वहिनी म्हणते, फांद्यांवरचे डोळे फुगलेत, पण पालवीचे का फुलाचे, आजूक कळंना. दादानं मक्याचं बियाणं आणून ओसरीवर ठेवलंय. पोतं अजून शिवलेलंच आहे म्हणाली.
पुढच्या शनिवारी जाईन. तोवर फोन करू नका, काही सांगू नका म्हटलं. आई सांगायची, बहर आला की फाट्यावर उतरल्या उतरल्याच वास येतो, बाग दिसायच्या आधी. शनिवारी फाट्यावर उतरून थोडा वेळ तिथंच उभी राहणार आहे.