कंसातलं मोठ्याने वाचू नये

मंगळवार, दुपारी दोन

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, काकांचा रक्तदाब आणि खिडकीतल्या कुंड्या या तिघांची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. मी ठीक आहे. म्हणजे जेवतो, झोपतो आणि आरशात बघायचं टाळतो.

हे पत्र तुला काका वाचून दाखवणार हे धरूनच लिहितोय. (काका, हा कंस बघितलात ना? असा कंस आला की आतला मजकूर फक्त तुमच्यासाठी. तो मोठ्याने वाचायचा नाही. एकदम गप्प झालात तर तिला संशय येईल, म्हणून कंसापाशी खोकायचं आणि तेवढ्यात मनात वाचून घ्यायचं. कंस लांबला तर पाणी प्या.)

फोन न करता पत्र कशाला, असं तू विचारशील. मावशी, मला बोलता येतं हीच माझी अडचण आहे. तोंड उघडलं की माझ्या तोंडून भाषण निघतं. लहानपणी तुझी बरणी फुटली तेव्हा ‘माझ्या हातून फुटली’ एवढं न म्हणता मी ‘काच आणि मानवी स्वातंत्र्य’ या विषयावर बोललो होतो, ते तू अजून सगळ्यांना सांगतेस. कागदावर निदान खोडता येतं. हे तिसरं पत्र आहे. पहिल्या दोन पत्रांची भाषणं झाली, ती फाडली.

सुरुवात करतो आमच्या तळमजल्यावरच्या खोलीपासून. ग्रंथालयाच्या श्राव्य विभागाला तू रोज चार वाजता फोन करायचीस, सभासद क्रमांक सांगायचीस आणि पुस्तक ऐकत बसायचीस. तुला धरून असे सत्तेचाळीस सभासद आहेत, ज्यांचे डोळे त्यांना सोडून गेले पण वाचनाचं वेड गेलं नाही. या सगळ्याच्या मागे दोन सर्व्हर आहेत. ही खोली काकांकडे होती, तेव्हा त्यांनी दोघांना नावं दिली होती थोरला आणि धाकटा. थोरल्याच्या पोटात सगळी पुस्तकं, धाकट्याने फोन उचलायचे. दोघांच्या मध्ये हातभर लांबीची एक निळी तार, बस्स. तिसरा कुणी मध्यस्थ नाही. थोरल्याने वाक्य द्यायचं, धाकट्याने ते तुझ्या कानात घालायचं. पण त्याच तारेवरून आणखी एक वाहतूक चालते. वरच्या मजल्यावर जुनी पुस्तकं पानापानाने स्कॅन होतात, ती थोरल्याकडे येतात आणि त्यांची दुसरी प्रत धाकट्याकडे जाते. ही पानं भलती अगडबंब. एकेक पान म्हणजे लग्नाला निघालेलं अख्खं कुटुंब, सामानासकट.

म्हणून काकांनी त्या तारेवर वर्ग पाडले होते. पहिल्या वर्गात ऐकणाऱ्यांचा आवाज, दुसऱ्यात कार्यालयाची कामं, तिसऱ्यात स्कॅनची पानं. ज्याचा त्याचा वाटा ठरलेला. पहिल्याला गरज नसेल तेव्हा तिसऱ्याने त्याची जागा खुशाल वापरावी, पण तो आला की निमूट बाजूला व्हावं. आणि या तिघांच्याही वर एक चौथा वर्ग होता. त्यात एकच सभासद, क्रमांक सतरा. त्याच्यासाठी बाकी सगळ्यांनी थांबायचं.

काका निवृत्त होणार आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसणार हे ठरलं, तेव्हा मी ही सगळी रचना वाचली आणि माझं रक्त उकळलं. आयुष्यभर मी उच्चनीचतेविरुद्ध बोलत आलो, जगातल्या साऱ्या बंडांचे इतिहास वाचून काढले, आणि माझ्याच नाकाखाली हातभर तारेवर चार वर्ग! निरोप समारंभात मला पाच मिनिटं दिली होती, मी चाळीस घेतली. तू पुढच्या रांगेत होतीस, तुला आठवत असेल. मी गरजलो की या तारेवर जन्मलेला माहितीचा प्रत्येक तुकडा समान आहे. मी विचारलं, कोण हा क्रमांक सतरा? कुठला हा सम्राट, ज्याच्यासाठी सेहेचाळीस जणांनी ताटकळायचं? टाळ्यांचा कडकडाट झाला. स्कॅन विभाग तर उभा राहिला. सगळ्यांत जोरात टाळ्या तू वाजवल्यास, मावशी. काका मात्र मांडीवरच्या पुष्पगुच्छाकडे बघत बसले होते. चहाच्या वेळी ते मला एवढंच म्हणाले, “अरे, तो मानाचा क्रम नाही, घाईचा क्रम आहे. पान अर्ध्या तासाने पोचलं तरी ते पानच असतं. शब्द अर्ध्या सेकंदाने पोचला तर तो शब्द राहत नाही.” मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. (ती थाप मला अजून हाताला जाणवते, काका.)

दुसऱ्या दिवशी मी ते वर्ग पुसले. त्यांची ठेवलेली प्रतही पुसली, कारण क्रांतीने मागे पूल ठेवू नयेत असं मी कुठेतरी वाचलं होतं. समानता आली. तिचा पहिला फायदा स्कॅन विभागाने घेतला. घरी जायच्या आधी, साडेतीन वाजता, ते दिवसभराची पानं एकदम सोडू लागले.

(काका, पुढचं सावकाश वाचा. आणि हा घोट मोठा घ्या. चार वाजता तार तुडुंब भरायची. आवाजाचे तुकडे पानांच्या गर्दीत अडकायचे. तक्रारवहीत सभासदांनी लिहिलं की ज्यांच्या आवाजात पुस्तकं भरली आहेत ते गुरुजी तोतरे झालेत, तेव्हा गुरुजी रागावून घरी बसले. मी त्यांनाही खरं सांगितलं नाही. मग तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, हिला शब्द तुटक ऐकू येतात, आता कानही चालले असं म्हणते. आणि तुम्ही विचारलंत, “धाकट्याकडे सगळं ठीक ना?” काका, चाळीस मिनिटं बोलणाऱ्या माणसाने त्या वेळी एकच शब्द उच्चारला. ‘उत्तम.’ तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलात.)

मागच्या रविवारी मी आलो होतो. तू दाराच्या चौकटीवर हात टेकून बसली होतीस. का, असं विचारलं तर म्हणालीस, कुणी दार वाजवलं तर हाताला कळेल. डॉक्टर म्हणतात कान उत्तम आहेत, पण तुझा विश्वास नाही. “डोळ्यांच्या वेळीही आधी सगळे असंच गोड बोलत होते,” असं म्हणालीस. फोन ठेवून आज एकवीस दिवस झाले, रेडिओ काकांना देऊन टाकलास. आणि मी काय केलं? मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन ओरडून बोललो. काका दचकले, शेजारचा कुत्रा भुंकला. तू शांतपणे म्हणालीस, “बघ, आता लोकांना माझ्याशी ओरडावं लागतं.”

(ओरडताना मला खरं माहीत होतं. कित्येक दिवसांपासून माहीत होतं. नुसतं गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं.)

त्या रात्रीपासून दुरुस्तीला लागलो. आधी धाकट्यावर वर्ग बसवले. ढिम्म फरक नाही. कारण माणसाला आवरता येतं ते स्वतःच्या तोंडून निघणारं, कानावर आदळणारं नाही. पूर सोडत होता थोरला, आणि मी दटावत होतो धाकट्याला. घरोघरी हेच चालतं म्हणा. मग थोरल्यावर वर्ग बसवले, तरी चार वाजता तीच गत. स्कॅन विभागाचं यंत्र नवीन, त्याची पानं माझ्या कुठल्याच वर्गाच्या व्याख्येत बसेनात. आणि नियम असा की ज्याला वर्ग नाही त्याला रांगही नाही, तो सगळ्यांना ओलांडून सुसाट जातो. मावशी, ज्या वर्गहीन समाजासाठी मी घसा फोडला तो मला अखेर दिसला. त्यात फक्त स्कॅनची पानं होती.

(काल तुमच्या टेबलाच्या खालच्या खणात तुमची वही सापडली. त्यात लिहिलं होतं, ‘ज्याला कुणी विचारत नाही त्याला तिसऱ्या वर्गात घ्यावं, नाहीतर तो सगळ्यांना तुडवेल.’ ती एक ओळ घातली आणि तार मोकळी झाली. मी स्वतः चार वाजता फोन लावून अर्धा तास ऐकलं, एक अक्षर तुटलं नाही. वहीत पुढच्या पानावर होतं, ‘चार वाजता तिचा फोन. त्या वेळी काही हलवू नये.’ मग मी सभासदांची नोंदवही काढली आणि क्रमांक सतरा कोण ते पाहिलं. काका, तुम्ही त्या दिवशी उठून सांगायला हवं होतं. नाही, मी आधी विचारायला हवं होतं.)

काका, आता कंस नको. खोकू नका. हे मोठ्याने वाचा.

मावशी, तुझे कान ठणठणीत आहेत. तुटत होती ती माझी तार. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, कारण त्या तारेवर मी चाळीस मिनिटं भाषण केलं होतं. तू टाळ्या वाजवल्या होत्यास. त्या परत मागशील अशी भीती वाटली. माझं चुकलं. याच्यापुढे एक वाक्य आणखी लिहिलं तर त्याचं भाषण होईल.

तुझा,
बरणी फोडलेला भाचा

ता. क. १ : काका, तुम्ही एकदा येऊन थोरल्याकडे बघून जा. मी लावलेलं चालतंय, पण का चालतंय ते मला नीट कळलेलं नाही. गुरुजींकडे माफी मागायलाही सोबत या. तिथे मला बोलू देऊ नका.

ता. क. २ : मावशी, काका आज फार खोकले असतील. त्यांना खोकला नाही. आता त्यांच्याकडून सगळे कंस पहिल्यापासून वाचून घे, एकही न गाळता. शेवटच्या मोठ्या कंसाशी ते अडखळतील. तिथे तारेचा दोष नाही, तिथे त्यांना वेळ दे.

ता. क. ३ : वर्ग फक्त तीन असावेत असा ठराव काल माझ्याच सहीने मंजूर झालाय. चौथाही मी आज सकाळी परत लावला. सतरा क्रमांकासाठी बाकी सगळ्यांनी थांबायचं. ग्रंथालयाच्या संचालकबाईंनी विचारलं तर मी तत्त्वाचा प्रश्न आहे असं सांगेन, आणि कुठलं तत्त्व ते सांगणार नाही.

ता. क. ४ : खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. पत्र पोचेल त्या दिवशी चार वाजता फोन कर. तू ऐकत होतीस त्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण अर्धं राहिलंय. कप्तानाने पाकीट फोडलं आणि तू फोन ठेवलास. बिचारा एकवीस दिवस ते पत्र हातात धरून उभा आहे. त्यात काय लिहिलंय ते मला काल कळलं, पण मी कुणाला बोललेलो नाही.