चौदा फुटांची खोली

९ जानेवारी १९८४, सोमवार

आज घाटकोपरला रुजू झालो. माणिकशेठ दुकानामागच्या खोलीत छोटं सिनेमाघर काढतायत. मशीन बसवून पहिला खेळ नीट झाला, तर नोकरी पक्की आणि वरचा माळा राहायला. मग क्षमाला मुलुंडच्या माहेराहून आणता येईल. लग्नाला आठ महिने झाले, अजून डोक्यावर स्वतःचं छप्पर नाही. शनिवारी आमची पहिली संक्रांत, खेळही त्याच दिवशी. योग चांगला आहे.

खोली मोजली, चौदा फूट. दार मागे, मशीनला खेटून. समोरच्या भिंतीवर पेन्सिलीनं मापं होती, चौदापासून उतरत सव्वा फुटापर्यंत. आधीच्या मेकॅनिकची, गुणाजीची. तो म्हणे न सांगता गावी गेला. भिंतीचाच पडदा करायचा, म्हणून मी त्यावर चुना फासला.

१० मंगळवार

मशीनची दोन इंची लेन्स कुचकामी, चित्र टॉवेलाएवढं. लेन्स जितकी कमी इंचाची, तितकं जवळून मोठं चित्र. मुलुंडच्या जुन्या लेन्सवाल्या धोंडिरामकडे ती देऊन एक इंची घेतली. त्याच्याकडे बदलीचाच व्यवहार. चित्र भिंतभर झालं, झकास. शेठनी दारातूनच पाहिलं. ते आत येत नाहीत.

११ बुधवार

चित्र पुन्हा लहान. डोकं फिरलं. मोजलं तर साडेदहा फूट. दुसरी टेप आणली, तरी साडेदहाच. शेठ म्हणाले, तुला टेप धरता येत नाही, सोमवारी चुकलास. म्हणजे टेप माझी खोटी, डोळेही माझेच खोटे. भिंतीमागचा फरसाणवाला म्हणतो, त्याची भिंत जागच्या जागी आहे. पाऊण इंची आणली. चित्र भिंतभर.

१२ गुरुवार

सात फूट. शेठ गल्ल्यावरून ओरडले. अर्धा इंची आणली. धोंडिराम हसत म्हणाला, याच्या खाली आता भिंगच लाव, यार.

चित्र भरलं आणि तेव्हा कळलं. चित्र भिंतभर झालं की भिंत पुढे येते. मीच तिला बोलावतोय. चुना खरवडला. चौदा, साडेदहा, सात. गुणाजीची आणि माझी मापं एकच.

१३ शुक्रवार

साडेतीन. शेठना सांगितलं. म्हणाले, खेळ नाही तर माळा नाही. फरसाणवाल्याच्या फोनवरून क्षमाला सांगितलं, धोंडिरामकडची दोन इंची परत घे, बदली मी नंतर देतो म्हण, उद्या येताना आण. चित्र लहान तर लहान. भिंत मागे जाईल. जायलाच हवी.

१४ शनिवार

लेन्स काढून ठेवावी म्हणून आत आलो. आटे घट्ट बसलेत. मशीन बंद आहे, तरी चित्र भिंतभर—

दोन फूट. दार होतं तिथं आता भिंत—

बाहेर क्षमाचा आवाज. लेन्स आणलीय म्हणते. मी ओरडतोय, तिला ऐकू जात नाही. तिचं मला सगळं—

सव्वा. वही छातीशी.

शेठ तिला सांगतायत, तो न सांगता गावी गेला. क्षमा म्हणतेय, त्याला गावच नाही हो, तो तर इथलाच, तो—