साडेतीन मुहूर्तांचा कॉम्प्युटर

सदाशिव पेठ, पुणे ३०
शनिवार, ११ जून २००५

रा. रा. शरच्चंद्रराव यांस यज्ञेश्वराचा सादर नमस्कार.

इकडे सर्व कुशल आहे असे व्याह्यांना लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले आहे. त्यावर विश्वास ठेवण्याचे बंधन नाही. आपला गुडघा कसा आहे? विहीणबाईंना नमस्कार सांगावा. चि. सौ. चैताली हवापालटासाठी नाशिकला आली त्याला आज महिना झाला. (नाशिकची हवा चांगली आहे हे मान्य, पण सबंध महिना पालटावी इतकी पुण्याचीही वाईट नाही.) तिने ऑफिसात बंगळूरला बदली मागितली आहे असेही कानावर आले. ती केव्हा येणार, किंवा येणार की नाही, हे विचारण्यासाठी हे पत्र नाही. कॉम्प्युटरच्या प्रकरणात तिने तिची बाजू सांगितली असेलच. आपण न्यायी गृहस्थ आहात, तेव्हा दुसरी बाजूही कळवावी, एवढाच हेतू.

लग्नात आपल्याकडून तिने आणलेला कॉम्प्युटर गेल्या गणपतीत वीज जाऊन आली तेव्हा धूर सोडून शांत झाला, हे आपणास ठाऊक आहे. त्यावर ती ऑफिसातून आल्यावर तासभर गोळीबाराचा खेळ खेळत असे. सुरुवातीला आमची सौ. प्रेमला घाबरली होती (सून बंदूक चालवते हे चारचौघांत सांगणार कसे?), पण आठवड्याभरात ती चहाचा कप घेऊन शेजारी बसू लागली आणि "अगं, यातल्या आपण कोणत्या?" असे विचारू लागली. मी समोर पेपर वाचत असे. पेपर एकाच पानावर असे, हे त्या दोघींच्या लक्षात आले नसावे. तर मशीन गेल्यावर चैताली म्हणाली, नवे मी माझ्या पगारातून घेते. मी म्हटले, छे, सासऱ्याकडून भेट. येथे माझी पहिली चूक झाली, असे प्रेमलाचे मत आहे. (बाकीच्या चुकांचे क्रमांकही तिच्याकडे आहेत.)

चैतालीने वहीच्या पानावर सुट्या भागांची यादी करून दिली आणि शेवटी दोन रेघा ओढून लिहिले, "सगळं एकदम आणि एकाच दुकानातून घ्यायचं." आता मी तेहतीस वर्षे पाटबंधारे खात्यात काढली. खडकवासल्याचे पाणी आम्ही कालव्याला कधी एकदम सोडले नाही, आवर्तनाने सोडले. शिवाय आमच्या घरात केरसुणीसुद्धा दिवस पाहिल्याशिवाय आलेली नाही. इतकी नाजूक वस्तू कुठल्यातरी बुधवारी उचलून आणायची? म्हणून मी यादी साडेतीन मुहूर्तांवर वाटली. दसऱ्याला मदरबोर्ड घेतला, म्हणजे ज्यावर बाकी सगळे बसते तो पाट. दिवाळीच्या पाडव्याला कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी. (हा अर्धा मुहूर्त. अक्षय्य तृतीयेला अर्धा म्हणणारेही आहेत, पण ते वाद घालण्यासाठी जन्मलेले लोक.) गुढीपाडव्याला प्रोसेसर, अर्थात मेंदू. अक्षय्य तृतीयेला ग्राफिक्स कार्ड, ज्याच्यामुळे गोळीबार स्पष्ट दिसतो. दर वेळी दुकानदार सांगे, "यादीतलं जुनं झालं, आता नवीन आलंय," आणि सुनेला जुने कशाला म्हणून मी नवे घेई. दर वेळी ती म्हणे, "बाबा, यादीत हे नव्हतं." गुढीपाडव्याला तिने म्हणायचे सोडले. मला वाटले, पटले.

अक्षय्य तृतीयेला जोडणीसाठी श्यामसुंदर घरी आला. हा टिळक रस्त्यावरच्या दुकानातला कारागीर, वयाने चाळिशीचा आणि बोलण्यात साठीचा. जेवणाच्या टेबलावर सगळे भाग मांडून प्रेमलाने हळदकुंकू वाहिले होते. श्यामसुंदरने आधी मदरबोर्डावरचे कुंकू फुंकले, मग चिमट्याने एक अक्षत बाहेर काढली, मग एकेक भाग दुसऱ्याशी लावून पाहिला. शेवटी म्हणाला, "काका, एकेक वस्तू उत्तम आहे. फक्त एकमेकांची नाही."

त्याचे म्हणणे असे, की जुन्या पद्धतीत बोर्डाला भोके असतात आणि प्रोसेसरला पिना. मधल्या काळात पद्धत बदलली, पिना बोर्डावर गेल्या आणि प्रोसेसर पाठीने सपाट झाला. आमचा बोर्ड दसऱ्याचा, म्हणजे भोकांचा. प्रोसेसर गुढीपाडव्याचा, म्हणजे सपाट. पिना कोणाकडेच नाहीत. "दोघंही समोरचा पिना आणेल म्हणून बसलेत," श्यामसुंदर म्हणाला. कार्डाला लागणारी खाच बोर्डावर नव्हतीच, आणि असती तरी अर्ध्या मुहूर्ताच्या कॅबिनेटातून कार्ड दीड बोट बाहेर उरत होते. यावर चैताली हसली. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. प्रेमला हसली, आमचा चिरंजीव अनिरुद्ध हसला, श्यामसुंदरही भिंतीकडे तोंड करून हसला. हसण्यासारखेच होते. पण त्या टेबलाशी हसू न येणारा एक माणूस होता, आणि दुर्दैवाने बोलायची सवय त्यालाच आहे. मी एक वाक्य बोललो. ते येथे देत नाही, पत्रात जागा कमी आहे.

चैतालीने सगळ्यांचे कप विसळले आणि बॅग भरली. अनिरुद्ध तिला शिवाजीनगरच्या स्टँडवर सोडून आला, तेव्हापासून तो माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर भागवतो. प्रेमला चहा देते, पण कप ठेवते तेव्हा बशी बोलते. संध्याकाळी सात वाजता आतल्या खोलीतून गोळीबार होत नाही. घर इतके शांत असते की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकतो. पेपर मात्र हल्ली पूर्ण वाचून होतो, आणि त्यात काही नसते.

असो. दोष कोणाचा हे आपणच ठरवावे. लोभ आहे असे धरून चालतो. तो वाढवा म्हणण्याची ही वेळ नव्हे.

आपला,
यज्ञेश्वर

ता. क. – परवाच्या मंगळवारी चैतालीची यादी घेऊन दुपारी चारला, दुकान उघडल्या उघडल्या, मी श्यामसुंदरसमोर उभा राहिलो. म्हटले, सगळे एकदम आणि याच दुकानातून. तो म्हणाला, "काका, मंगळवार आहे. साडेचारपर्यंत राहुकाळ." मी म्हटले, ठाऊक आहे. यादीतल्या वस्तू त्याने माळ्यावरून शोधून काढल्या आणि म्हणाला, "जुन्या आहेत, पण एकमेकांच्या आहेत." मशीन पहिल्या फटक्यात सुरू झाले. मी ते लगेच बंद केले. त्यात काय करायचे हे घरात कोणालाच येत नाही.

ता. क. २ – ते वाक्य देतो, जागा उरली आहे. मी म्हणालो होतो, "वस्तू दुकानात बदलून मिळतात. न बसणारी माणसं कुठे परत करायची?" हे मी तिच्याकडे पाहून बोललो. शरच्चंद्रराव, मला त्याची लाज वाटते. दिलेला माल परत घेतला जाणार नाही, ही पाटी मी जन्मभर दुकानांत वाचली आहे. चैतालीने ती माझ्यापुढे धरली तर तक्रार करणार नाही. तरीही शब्द परत मागतो आहे.

ता. क. ३ – एक किरकोळ गोष्ट राहिली. नवे कॅबिनेट टेबलावर डुगडुगत होते. खाली घालायला बरोबर त्या जाडीची एकच वस्तू घरात सापडली, ती म्हणजे यंदाचे पंचांग. काढले की मशीन हलते, म्हणून काढत नाही. तेव्हा चांगला दिवस पाहून कळवणे मला शक्य नाही. चैतालीला एवढेच सांगावे, की कोणत्याही दिवशी ये. उद्या आलीस तरी चालेल.